शाळा संपल्यावर काय?

आज आमच्या दिव्यांग मुलांच्या शाळेतल्या मोठ्या वर्गातल्या पोरांना बसने प्रवास करायच्या प्रॅक्टिससाठी बाहेर नेलं होतं. वर्गात खुर्च्या मांडून, चित्रांची कार्डं लावून हेच खूपदा करून घेतलंय पण खऱ्या बसमध्ये गर्दी, हॉर्न, धक्के सगळंच वेगळं असतं, म्हणूनच खऱ्या जागी शिकवावं लागतं, वर्गात जमलेलं बाहेर आपोआप जमतं असं नाही. फार कमी बोलणाऱ्या एका मुलाने आज स्वतः कार्ड दाखवून कंडक्टरला स्टॉप सांगितला!! मी मागे गप्प बसले होते, मदतीला न धावणं हेही आमचं कामच आहे.

कपडे घालणं, पैसे मोजणं, गोळ्या वेळेवर घेणं हे सगळं छोट्या छोट्या स्टेप्स करून शिकवतो, कधी शेवटची स्टेप आधी मुलाकडून करून घ्यायची म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद लगेच मिळतो. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'नाही' म्हणता येणं. वर्षानुवर्षं यांना फक्त ऐकायला शिकवलं तर उद्या कोणी फसवलं, नको तिथे हात लावला तर ही मुलं बोलणार कशी?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातल्या कलम १२ प्रमाणे निर्णय घेण्यासाठी लागणारा आधार मिळणं हा यांचा हक्क आहे. त्यामुळे पालकांनो प्लीज, अठरा पूर्ण व्हायची वाट बघू नका, चौदा-पंधराव्या वर्षापासूनच विचारा तुला कुठलं काम आवडतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बोलता येत नसेल तर फोटो दाखवा, कामाच्या जागी घेऊन जा, आवडलं की नाही ते चेहऱ्यावर लगेच कळतं.