बाहीतला ४७

नवीन शर्टाच्या बाहीत काहीतरी टोचत होतं. बाही उलटी करून पाहिली, तर शिवणीत अडकलेलं चिटुकलं स्टिकर. त्यावर ४७.

कारखान्यात कापडाची थप्पी रचून एकदम कापतात. एका थराची बाही दुसऱ्या थराच्या धडाला लागून रंगात फरक पडू नये, म्हणून तुकड्यांवर थराचा नंबर डकवतात. शिवून झालं की काढायचा. हा राहिला. घाई असणार. पण कोणाची?

संध्याकाळपासून घोडं इथेच अडलंय. मी मोजले तेवढ्या पैशांत कापूस, सूत, रंग, शिलाई, वाहतूक आणि मधल्या सगळ्यांचा नफा बसला कसा? कोणीतरी सोसलंच असणार. एका सुती शर्टाला साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. कापसासाठी नद्या वळवल्या आणि मध्य आशियातला अरल समुद्र बराचसा आटला. हे वाचून वाईट वाटतं, मग विसरायला होतं. ४७ मात्र डोक्यातून जात नाही. तो कोणीतरी बोटाने दाबून चिकटवलेला आहे.

बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत. तिच्या भिंतींना आदल्या दिवशी तडे दिसले होते. तरी २४ एप्रिल २०१३ला माणसांना कामावर बोलावलं. इमारत कोसळली, १,१०० हून जास्त माणसं गेली. ऑर्डरी वेळेत जायला हव्या होत्या. पुन्हा घाईच.

ताई कपडे घेते, मिरवते, शांत झोपते. मलाच मेलं एक शर्ट सुखाने घालता येऊ नये?

बरं, माझ्या जागरणाने ज्याने कोणी ते चिकटवलं त्याच्या पगारात दमडीची भर पडणार नाही. महागाचा घेतला असता तर पडली असती? तेही नाही, जास्तीचे पैसे शिवणाऱ्यापर्यंत पोचतातच असं कुठंय? खरेदी कमी करायची, घेतलेलं विटेपर्यंत घालायचं, एवढंच हातात दिसतंय. म्हणजे निदान टिकणारं तरी घ्यावं. या शर्टात माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, इतकी कमी सोडलीय की उद्या सैल करायचा म्हटलं तर उसवायचीही सोय नाही. बटणं आत्ताच लोंबतायत. ती आधी पक्की करायला हवीत.

शनिवारी ताईबरोबर खरेदीला जायचंय. मी प्रत्येक कपडा उलटा करून शिवण बघणार, असं तिला आधीच सांगून टाकलं. म्हणाली, "बघ की. फक्त माझ्यापासून चार हात लांब उभी राहा."