तात्यांचं रक्त दुसऱ्यांदा घेताना

तात्या माण तालुक्यातले मेंढपाळ. उजव्या बरगडीखाली जड लागतं म्हणून सोनोग्राफी केली, तर यकृतात पाण्याची मोठी गाठ. डॉक्टरांना हायडॅटिडचा, म्हणजे एका जंतामुळे होणाऱ्या गाठीचा संशय आला. अशा गाठीत थेट सुई घालणं धोक्याचं, आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी रिॲक्शन येऊ शकते. म्हणून आधी रक्तातल्या अँटीबॉडीची एलायझा तपासणी करायची ठरली. ती आमच्या छोट्या लॅबमध्ये होत नाही, सॅम्पल पुण्याला जातं.

पहिल्या वेळी चूक माझीच झाली. शिरा बारीक म्हणून अगदी बारीक सुई घेतली, दट्ट्या जोरात ओढला, आणि कुरिअर निघेल या घाईत सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, वेगळं न करताच ट्यूब आइसपॅकला चिकटवून ठेवली. तिसऱ्या दिवशी फोन आला, सॅम्पल हिमोलाईझ झालंय, म्हणजे रक्तपेशी फुटल्यात, दुसरं पाठवा. वाडीवरून एसटीनं आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा बोलवायचं माझ्या फार जिवावर आलं.

तात्यांनी मात्र हात पुढं केला. "घे पोरी, रगाताला काय तोटा हाय व्हय?"

या वेळी सोमवार निवडला, म्हणजे सॅम्पल रविवारी कुठं अडकून पडणार नाही. एकवीस नंबरची सुई, सावकाश ओढलेलं पाच एमएल रक्त. सुई काढून ते पिवळ्या झाकणाच्या जेल ट्यूबमध्ये कडेनं सोडलं, ट्यूब हळूच पाच-सहा वेळा उलटीसुलटी केली आणि अर्धा तास स्टँडमध्ये उभी ठेवली.

तेवढ्या वेळात फॉर्म भरला. जनावरांशी संबंध? कळपात राखणीची चार कुत्री. मेंढरू कापलं की काळीज-फोफशातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्यांपुढंच टाकतात, तात्या सहज बोलून गेले. माझा पेन थांबला. त्यातूनच कुत्र्याच्या आतड्यात जंत होतात, आणि त्यांची अंडी विष्ठेतून हाताला, पाण्याला लागतात.

ट्यूब गरगर फिरवून सिरम वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज थांबलं. वर आलेलं सिरम गवताच्या काडीसारखं पिवळं, स्वच्छ. दुसऱ्या ट्यूबमध्ये काढलं, नाव-तारीख-वेळ लिहिली, कागदात गुंडाळून आइसपॅकच्या मधोमध ठेवली. सोबत सोनोग्राफीची प्रत.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. निगेटिव्ह आला असता तरी गाठ हायडॅटिडची नाही असं म्हणता आलं नसतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सर्जनची चिठ्ठी खिशात घालून तात्या दारात थांबले.

"कुत्र्यांस्नी औषध कुठं मिळंल गं?"

जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवायला मी त्यांच्यासोबत चौकापर्यंत गेले.