पुन्हा एकदा ‘कॉल ऑफ द व्हॅली’
आज सकाळी आम्हा चार मित्रांच्या बैठकीत सध्या कोण कोणता अल्बम ऐकतो आहे, हा विषय निघाला. माझ्याकडे सांगण्यासारखे एकच नाव होते, कारण गेले तीन आठवडे मी १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’खेरीज फारसे काही ऐकलेले नाही. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरमधल्या मेंढपाळाच्या एका दिवसाचे सूत्र धरून हे वादन अहिर भैरव या सकाळच्या रागापासून पहाडी या रागापर्यंत जाते.

एका मित्राचे म्हणणे असे, की इतक्या थोड्या वेळात रागाचा विस्तार राहून जातो. ते मला मान्य आहे. पण या अल्बमचे मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. संतुराच्या तारेवर कलमाचा, म्हणजे ते वाजवण्याच्या लाकडी काडीचा, आघात झाला की स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो, तर काब्रा मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवरून पोलादी कांडी सरकवत तोच स्वर मींडेने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत, पुढे नेतात, आणि बासरी त्याला श्वास देते. तीन वाद्ये एकमेकांची उणीव इतक्या मायेने भरून काढताना मी क्वचितच ऐकली आहेत.

मग आम्ही अहिर भैरव लावला. कोमल रिषभ, म्हणजे थोडा उतरलेला ‘रे’, आंदोलत आला, तेव्हा तो मित्रही हातातला कप तसाच धरून डोळे मिटून बसला होता.