घाट उतरताना स्पोर्ट, चढताना नॉर्मल

इंदूरहून महेश्वरला जायला दोन वाटा आहेत. आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूर-धामनोदवरून जा, नाहीतर महूहून जामघाट उतरून मंडलेश्वर गाठा. आत्याला जाम दरवाजा बघायचा होता, म्हणून आम्ही घाट धरला. ऑक्टोबरातला रविवार, सकाळी सहाला राजेंद्रनगरहून निघालो. शेजारी आत्या, मागे अकरावीतला भाचा. आत्याला घाटात मळमळतं, त्यामुळे आवळासुपारीची डबी तिने हातातच धरली होती.

गाडी नवी आहे, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. इको म्हणजे काटकसरीचा, नॉर्मल आणि स्पोर्ट असे चालवण्याचे तीन मोड. राऊ सोडलं आणि भाच्याने विचारलं, "मावशी, स्पोर्टला टाकलं की गाडीची ताकद वाढते ना?"

बरेच जण असंच समजतात. इंजिन तेच असतं, आणि बहुतेक गाड्यांत त्याची कमाल ताकदही तीच राहते. बदलतो तो पाय आणि इंजिन यांच्यामधला निरोप. पूर्वी ॲक्सिलरेटरची तार थेट थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत जायची. जेवढा पाय, तेवढी झडप उघडी. आता पेडलला सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि झडप किती उघडायची ते कॉम्प्युटर ठरवतो. तेवढ्याच पायाला इकोत ती जपून उघडते, स्पोर्टमध्ये भसकन. गिअरचंही तसंच. इकोत वरचा गिअर लवकर पडतो, स्पोर्टमध्ये खालचाच टिकतो. आपल्याला जो पिकअप जाणवतो, तो यातूनच येतो. काही गाड्यांत मात्र इको ताकदीलाही लगाम घालतो, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक वाचलेलं बरं.

हा फरक महूच्या पुढे चांगलाच कळला. समोर सोयाबीनची ट्रॉली, कडेने काड उडत होतं. मी इकोतच होते. अर्धा पाय दाबला, गाडीने क्षणभर काहीच केलं नाही. गिअर बदलून तिला जोर येईपर्यंत समोरून मोटरसायकल आली आणि मी मागे झाले. छातीत धडधडलं. दुसऱ्यांदा आधी नॉर्मलला घेतलं, रस्ता दूरवर मोकळा बघितला आणि मगच निघाले. ओव्हरटेकला इकोत राहू नका, हे मी आता सगळ्यांना सांगते.

जाम दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला. तिथे माळव्याचं पठार संपतं आणि खाली एकदम निमाड उघडतो. आत्या कमानीच्या दगडाला हात लावून बराच वेळ उभी होती. "मातोश्रींची माणसं इथूनच उतरत असतील गं," एवढंच म्हणाली.

घाट मी स्पोर्टमध्ये उतरले. भाचा चक्रावला. पण स्पोर्ट खालचा गिअर धरून ठेवतो, त्यामुळे इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. पाय पेडलवरून पूर्ण काढला की इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल जात नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे लोक मी पाहिले आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट पेट्रोल लागतं, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो.

महेश्वरला पोहोचलो तेव्हा स्क्रीनवर ॲव्हरेज १९.४. "इकोची कमाल!" भाचा म्हणाला. पण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. आम्ही चारशे मीटर उतरलो होतो. माणसांसकट सव्वा टनाहून जड गाडी तेवढीच परत वर न्यायची, तर त्या चढाचंच अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल होतं. जाऊन-येऊनचा हिशेब केल्याशिवाय मोडला श्रेय देता येत नाही.

नर्मदेच्या घाटावर तासभर पाय पाण्यात सोडून बसलो. दुपारी निघालो तेव्हा निमाडचं ऊन मी म्हणत होतं. आमच्या गाडीत इको एसीचाही जोर कमी करतो. आत्या पदराने वारा घ्यायला लागली, तशी मी नॉर्मलला आले.

चढाला भाच्याच्या हट्टासाठी दोन वळणं स्पोर्टमध्ये घेतली. पहिल्या वळणाला आत्याची मान मागे गेली, दुसऱ्याला तिने डॅशबोर्डवर हात टेकवला. बोलली काहीच नाही. पाय जरासा हलला तरी स्पोर्टमध्ये त्याचा हिसका होतो. मी नॉर्मलला घेतलं, पाय स्थिर ठेवला. तिसऱ्या वळणानंतर तिचा हात मांडीवर आला. वेग तोच होता, घाटही तोच.

पुढे महूनंतर सलग ८० वर इको आणि नॉर्मल आलटून-पालटून पाहिले, स्क्रीनवर फरक नावाला होता. तिथे खरं भांडण हवेशी असतं. ८० चे १०० केले की तिचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. इकोचा उपयोग मला शहरात जास्त दिसतो, दर सिग्नलला सुटताना तो पाय आवरतो.

येतानाचं ॲव्हरेज १४.६. घराजवळ, निघताना जिथे टाकी भरली होती त्याच पंपावर पुन्हा भरली: १९४ किलोमीटरला ११.७ लिटर, म्हणजे लिटरला साडेसोळा. भाच्याने आकडा वहीत उतरवला. पुढच्या महिन्यात हीच वाट जाता-येता नॉर्मलवर करून बघू, असं आमचं ठरलं.

"मलाही न्या," मागे वळून आत्या म्हणाली. "आज महेश्वरी साडीचा नुसता रंगच बघून आले."