१४ मिलिमीटर

त्या दिवशी दुसऱ्या रांगेतल्या अँकरांना, म्हणजे खड्ड्याची भिंत मागच्या जमिनीत बांधून धरणाऱ्या पोलादी दोरांना, ताण द्यायचा होता. खड्डा सहा मीटर खाली गेलेला, समोर पाइलची भिंत, भिंतीमागे वर रस्ता चालू. ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरून सात दिवस झाले होते आणि त्याच्या क्यूबच्या ताकदीचे निकालही चांगले होते. पोकलेनवाला इंजिन सुरू करून वाट बघत होता. रांग लॉक झाली की आणखी अडीच मीटर खाली जायचं होतं.

प्रत्येक अँकरात १५.२ मिलिमीटरचे चार स्ट्रँड, म्हणजे पोलादी तारांचे पीळ. ताण देणाऱ्या जॅकच्या पकडीपर्यंत धरून ८ मीटर लांबी मोकळी, म्हणजे प्लास्टिकच्या नळीत ग्रीस लावून ठेवलेली. त्याच्या मागची ६ मीटर ग्राउटने जमिनीत पकडलेली. कामाचा भार ४०० किलोन्यूटन, चाचणीचा ५००. सुरुवातीच्या ४० पासून ५०० पर्यंत जाताना स्ट्रँड साधारण ३४ मिलिमीटर ताणले जायला हवेत. २७ च्या खाली चालत नाही.

पाचव्या अँकरला आम्ही टप्प्याटप्प्याने ५०० पर्यंत नेलं. दहा मिनिटं झाली तरी भार दाखवणाऱ्या गेजचा काटा हलला नाही. मुकादम खूश होऊन म्हणाले, "साहेब, बघा कसा पक्का बसलाय!"

माझ्या तक्त्यावर १४ लिहिलं होतं.

मी पुन्हा वाचायला सांगितलं, तसा हेल्पर कोणी आत जाऊ नये म्हणून बांधलेल्या पट्टीखालून वाकून थेट जॅकच्या समोर गेला. मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. एवढ्या ताणाखाली स्ट्रँडला पकडणारा वेज निसटला किंवा स्ट्रँड तुटला, तर ते पोलाद त्याच रेषेत बाहेर फेकलं जातं. बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. आधी भार उतरवायला लावला, मग त्याच्याशी बोललो. घाबरला होता. वय फार नव्हतं.

पुन्हा ताण दिला, बाजूने वाचलं. १४ च.

ठेकेदाराचं म्हणणं एकच, "भार तर घेतला ना?" घेतला होता, पण कुठे? १४ मिलिमीटरवरून उलटा हिशोब केला तर मोकळी लांबी जेमतेम ३.३ मीटर निघत होती. म्हणजे स्ट्रँड तिथेच ग्राउटमध्ये अडकले होते. आणि खोदकाम पूर्ण झाल्यावर भिंतीमागचा जो मातीचा पाचर सरकू शकतो, तो त्या पातळीला साडेचार मीटरपर्यंत मागे जातो असं डिझाइनमध्ये होतं. जी माती सुटायची, तिलाच हा अँकर धरून बसला होता. आज काटा हलणार नाही. अडीच मीटर खाली गेल्यावर माती, अँकर आणि भिंत एकत्रच पुढे आली असती.

मी खोदकाम थांबवलं आणि पोकलेनला त्या भागात भिंतीला लागून मातीचा भराव परत टाकायला लावला. वाद झाला, आवाजही चढले. मी सही केली नाही.

कारण संध्याकाळी सापडलं. ड्रिलिंगच्या केसिंगच्या, म्हणजे भोकात घालायच्या पोलादी पाइपच्या, तोंडावरून हातमोजा फिरवला, तर तो टरकन फाटला. कडेला धातूची धारदार बर उठलेली होती. टेंडन, म्हणजे नळीसकट स्ट्रँडचा जुडगा, आत सरकवताना तिने नळी चिरली आणि चिरेतून ग्राउट आत शिरलं. नोंदवहीत बघितलं, तर त्याच केसिंगमधून त्याच दिवशी आणखी तीन टेंडन गेले होते. दुसऱ्या दिवशी तिन्ही तपासले. दोन ठीक निघाले, एकाने १९ दाखवले. तोही बाद.

केसिंगची कड ग्राइंडरने गुळगुळीत केली. प्रत्येक नळी आत जाण्याआधी हाताने चाचपायची, फाटली असेल तर टेंडन बाजूला ठेवायचा, हे काम मी स्वतःकडे घेतलं. बाद अँकरांच्या शेजारी नवे दोन मारले आणि ग्राउटला पुन्हा सात दिवस दिले. तोवर भरावाला कोणी हात लावला नाही.

नव्या अँकरला ताण देताना तोच हेल्पर बाजूला, पट्टीच्या बाहेर उभा होता. ५०० वर काटा थांबला. मी विचारायच्या आत त्याने आकडा सांगितला, "साहेब, ३३."