उतारावरची बाग आणि मिनी ट्रॅक्टर : माझा अनुभव

आमची बाग रत्नागिरी तालुक्यात, खाडीकडे उतरणाऱ्या डोंगरावर आहे. वर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, खाली विहीर आणि मध्ये हापूसची १८० कलमं. या बागेत आजवर जे वर गेलं ते डोक्यावरून गेलं : शेणखत, औषधाचं पाणी, चिरे. जे खाली आलं तेही डोक्यावरूनच. बाबांचे गुडघे याच वाटेने खाल्ले. २०२२ च्या हंगामात काढणीला माणसं मिळेनात आणि वरच्या अंगाची पंचवीस-तीस कलमं पिकून गळायला लागली, तेव्हा मी ठरवलं की बागेत चाकावरचं काहीतरी आणायचंच.

काय आणायचं यावर घरात महिनाभर बोलणं चाललं. शेजारच्या वाडीत एकांकडे जुनी फोर व्हील जीप आहे. ती क्रेट उतरवते, पण फवारणीचा पंप तिच्यावर चालत नाही. पॉवर टिलर स्वस्त, पण उतारावर त्याच्यामागून चालत त्याला आवरणं माझ्या ताकदीबाहेरचं. मोठा ट्रॅक्टर कलमांखालून जाणार नाही, कारण आमच्या जुन्या कलमांच्या फांद्या छातीपर्यंत आलेल्या. राहिला मिनी ट्रॅक्टर, तोही चारही चाकं ओढणारा. किंमत साडेपाच लाखांच्या आसपास.

सातबारा बाबांनी दोन वर्षांपूर्वी माझ्या नावावर केला होता, त्याचा उपयोग झाला. महिला आणि अल्पभूधारकांना या ट्रॅक्टरसाठी १ लाख २५ हजारांपर्यंत अनुदान होतं, इतरांना १ लाख. महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवर अर्ज भरला, २३ रुपये ६० पैसे भरले. त्या वेळी निवड लॉटरीने व्हायची. नाव लागल्याचा मेसेज आला त्या दिवशी मी शोरूमला पैसे भरायलाच निघाले होते. कृषी सहाय्यकांनी फोनवर थांबवलं, म्हणून वाचले. लॉटरी लागली म्हणजे मंजुरी मिळाली असं नव्हतं. सातबारा, आठ-अ, दरपत्रक आणि त्या मॉडेलचा चाचणी अहवाल अपलोड करायचा, मग पूर्वसंमती येते, आणि बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या नंतरची असावी लागते. आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान गेलं. माझं काम एकदा अडलं, कारण आधारवर माझं नाव एक आणि सातबाऱ्यावर जरा वेगळं. तलाठ्यांकडे दोन फेऱ्या झाल्या. पूर्वसंमती गणपतीत आली, ट्रॅक्टर दसऱ्याला दारात आला, मोका तपासणी, म्हणजे ट्रॅक्टर प्रत्यक्ष येऊन पाहणं, दिवाळीनंतर झाली आणि पैसे मार्चमध्ये खात्यात जमा झाले. तोवर पूर्ण रक्कम आपल्याच खिशातून घालावी लागते, हे कर्जाचा हिशोब मांडताना धरून चाला.

आरटीओचं काम डीलरने केलं. ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला नंबर वेगवेगळे मिळतात. माझ्याकडे मोटारीचा परवाना होता आणि ७,५०० किलोच्या आतल्या ट्रॅक्टरला तो चालतो.

निवडताना एक गोष्ट मी नीट केली. डीलरला म्हटलं, गाडी बागेत आणून दाखवा. रिकामा ट्रॅक्टर सगळेच चढवून दाखवतात. मी त्याला दोनशे लिटरचं भरलेलं पिंप लावून खाली उतरवून दाखवायला सांगितलं. पहिल्या कंपनीच्या माणसाने नको म्हटलं. दुसऱ्याने उतरवून दाखवला, त्याचाच घेतला. सीटच्या मागे सुरक्षा दांडी असलेलाच घेतला. गाडी कलंडली तर दांडी चालवणाऱ्याच्या अंगावर भार येऊ देत नाही, पण त्यासाठी पट्टा बांधलेला हवा. कलमांखाली जाताना दांडी पाडावी लागते. दांडी पाडली की पट्टाही सोडायचा, कारण तेव्हा पट्टा माणसाला गाडीखालीच अडकवून ठेवतो. हे शोरूममध्ये मला कोणी सांगितलं नाही. पुस्तिकेत होतं.

आता वाटेबद्दल. खरं काम तिथेच होतं. माणूस डोक्यावर क्रेट घेऊन सरळ चढतो. ट्रॅक्टर चढत नाही. आमची जुनी वाट दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी बांधांमधून, सरळ वर जायची. ट्रॅक्टरसाठी तीन वळणांची नागमोडी वाट काढावी लागली, जेसीबी दोन दिवस लागला आणि दोन कलमं तोडावी लागली. दोन्ही माझ्या आजोबांच्या हातची होती. बाबा त्या दिवशी बागेत आले नाहीत. मला आजही वाटतं, वळण चार हात पलीकडे घेतलं असतं तर एक कलम वाचलं असतं. जेसीबी येण्याआधी चुना टाकून, दोरी धरून ती वाट स्वतः दोनदा चालायला हवी होती.

शिकवलं आबांनी. ते आमच्या वाडीतले, आयुष्यभर ट्रक चालवलेले. पहिले आठ दिवस त्यांनी मला इंजिन चालू करूच दिलं नाही, नुसतं वाटेवर फिरवलं. कुठे कातळ आहे, कुठे भुरभुरीत मुरूम आहे, कुठे पातेरा, म्हणजे पाचोळा, साठतो. आंब्याचा वाळका पातेरा मुरमावर पसरला की त्यावरून चाक साबणावरून घसरल्यासारखं सरकतं. तेव्हापासून उतरायच्या आधी आम्ही वाट झाडून घेतो. खराट्याने, रोज सकाळी. तोच पातेरा कलमांच्या बुंध्याशी आच्छादनाला जातो.

"बाय, ज्या गियरात चढलीस त्याच गियरात उतरायचं. मध्ये क्लच दाबायचा नाय, गियर बदलायचा नाय," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, वाट सोडली तर उतारावर आडवं जायचं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. ट्रॅक्टर आडवा धरला आणि वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं की सगळं वजन खालच्या बाजूला जातं. मागच्या टायरमध्ये त्यांनी पाऊण भाग पाणी भरून घेतलं. त्यामुळे वजन खाली राहतं आणि पकडही वाढते. ट्रॉलीत क्रेट भरताना जड माल चाकाच्या आसाच्या थोडा पुढे हवा. मागे ठेवला तर चढावर ट्रॉली ट्रॅक्टरची शेपटी उचलते आणि मागची चाकं नुसती फिरत राहतात. आणि तुटलेली फांदी किंवा बुंधा ओढायचा तर साखळी खालच्या हूकलाच. वर बांधली तर पुढची चाकं हवेत उठतात आणि गाडी मागे उलटते.

हे सगळं ऐकूनही एप्रिलमध्ये माझ्याकडून चूक झालीच. ट्रॉलीत पंचवीस क्रेट, म्हणजे पाचशे किलो आंबा. दुसऱ्या वळणाच्या आधी गाडी जरा जोरात जातेय असं वाटलं आणि पाय मोटारीच्या सवयीने क्लच आणि ब्रेक दोन्हींवर गेला. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, तिने मागून ढकललं. माझ्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत, ती चाकं थांबली पण मुरमावर घसरत राहिली. ट्रॉली डावीकडून पुढे यायला लागली. मी पाय क्लचवरून उचलला, इंजिनाने एक मोठा गचका दिला, आणि पुढचं चाक गडग्यात घुसून गाडी थांबली. नऊ क्रेट खाली आले. हापूसला आपटल्याची खूण लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी काळा डाग उठतो. ते सगळे आंबे आम्ही वेगळे काढून पल्प करायला दिले.

माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. नेपाळहून हंगामाला येणारे आमचे दोघे कामगार त्या वेळी ट्रॉलीच्या मागून चालत होते. एरवी ते ट्रॉलीतच बसून खाली यायचे. त्या दिवसापासून ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, असा बागेत नियम आहे, आणि मी तो पाहुण्यांच्या मुलांनाही मोडू देत नाही.

आबांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच वळणावर नेलं, रिकाम्या ट्रॉलीने. मग पाच क्रेट, मग दहा. तेव्हा कळलं की उतरताना फोर व्हील घातलेली ठेवायची. मी ती फक्त चढावर घालत होते. फोर व्हील घातली की पुढची चाकं मागच्या चाकांशी जोडली जातात, त्यामुळे ब्रेक चारही चाकांवर लागतो. ट्रॉलीत आता पंधराच क्रेट भरते. फेऱ्या वाढल्या, वाढू देत.

फवारणीला मात्र या गाडीने खरी सुटका केली. मोहराच्या दिवसांत आमच्या मोठ्या कलमाला पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. पूर्वी विहिरीपासून डबे वाहण्यातच अर्धा दिवस जायचा आणि तुडतुड्यांची फवारणी चार दिवस रेंगाळायची. आता टाकी ट्रॅक्टरवर आणि पंप पीटीओवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, दीड दिवसात बाग होते. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो. त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण कधीही काढू नका. बायका या कामात येत असतील तर ओढणी, पदर, मोकळे केस, काहीही त्याच्या जवळ नको. मी फवारणीला जुना शर्ट-पँट घालते आणि केस टोपीत कोंबते. इंजिन बंद केल्याशिवाय पंपाला हात लावत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला आणि वाटेने आपलं रूप दाखवलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उतारावर काढलेली कच्ची वाट ही त्या पाण्याला आयता पऱ्ह्या, म्हणजे ओढा, मिळाल्यासारखी असते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या वळणाखाली गुडघाभर घळ पडली होती. पाऊस ओसरल्यावर आम्ही दर दहा पावलांवर आडवे चर काढले, त्यात चिऱ्यांचे तुकडे बसवले आणि पाणी कलमांकडे वळवलं. खालच्या कडेला वाळा लावला. पुढच्या पावसाळ्यात माती टिकली, एका ठिकाणी सोडून.

चार महिने ट्रॅक्टर पडवीत असतो. वाट ओली असताना मी तो बाहेर काढत नाही, कितीही अडलं तरी. वरच्या सड्यालगतची बारा कलमं अजून वाटेपासून लांब आहेत, मध्ये कातळ आहे आणि तो फोडायचा माझा विचार नाही. तिथले आंबे अजून डोक्यावरूनच तिसऱ्या वळणापर्यंत येतात. बाबा काढणीच्या दिवसांत त्या वळणावर खुर्ची टाकून बसतात आणि ट्रॉली निघण्याआधी फोर व्हीलचा लिव्हर घातलाय का ते मला दर वेळी विचारतात.