नकाशावर न मावणारी जमीन

शहराच्या कडेला नवी वसाहत उभारण्याचा प्रस्ताव त्या दिवशी बैठकीत होता. बैठी घरं, दारापुढे बाग, रुंद रस्ते. सगळे तिला ‘हरित वसाहत’ म्हणू लागले होते. मी तिचा पर्यावरणीय पाऊलठसा, म्हणजे तिथल्या लोकांचं राहणीमान पोसायला एकूण किती जमीन आणि पाणी लागेल त्याचा हिशेब, काढून नेला होता आणि तेवढीच कुटुंबं स्थानकाजवळच्या पडीक गोदामांच्या जागी राहिली तर तो किती होईल, तेही शेजारी मांडलं होतं.

नियोजन अधिकारी आकड्यांवर थबकले. “मॅडम, वसाहत एवढीशी आणि जमीन एवढी? नकाशावर दाखवा बरं कुठे आहे ती.”

प्रश्न अगदी नेमका होता. विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागल या पर्यावरण अभ्यासकांनी १९९०च्या दशकात ही पद्धत मांडली ती याच प्रश्नापायी. शहर पोसणारी शेतं, कुरणं, जंगलं आणि मासेमारीचं पाणी बहुतेक शहराबाहेरच असतं. त्यात बांधकामाखालची जमीन आणि आपला कार्बन शोषायला लागणारं जंगल मिळवायचं, की जागतिक हेक्टरमध्ये (म्हणजे जगातल्या सरासरी सुपीकतेच्या हेक्टरमध्ये) हिशेब येतो. लंडनचा असा हिशेब २००२ साली झाला, तेव्हा तो शहराच्या क्षेत्रफळाच्या २९३ पट निघाला होता. हे सांगितल्यावर कुजबुज थांबली.

मग मी एकूण आकडा बाजूला ठेवला. त्याने माणसं दचकतात, पण त्यावरून धोरण ठरत नाही. ठरतं ते घटकांवरून. वसाहतीच्या ठशात बांधलेल्या जमिनीचा वाटा किरकोळच होता. मोठा भार कार्बनचा होता: रोजची लांबची ये-जा, प्रत्येक घराला गाडी, सुट्या घरांना थंड-गरम ठेवायला जास्त लागणारी वीज. बागांनी तो फिटणार नव्हता. गोदामांच्या जागेवर अन्नाचा वाटा जवळपास तेवढाच राहिला (लोक तेच, ताट तेच), प्रवासाचा मात्र झपकन उतरला.

पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी विचारलं, “यात नदीचं प्रदूषण धरलंय का?” नाही. पाण्याचा उपसा आणि विषारी सांडपाणी पाऊलठशात थेट येत नाही, त्यांचा हिशेब वेगळाच ठेवावा लागतो. हे मी ठासून सांगितलं. एकाच आकड्यावर सगळी भिस्त ठेवणारं नियोजन मला धोक्याचं वाटतं.

प्रस्ताव फेटाळला गेला नाही. गोदामांच्या जागेचा पर्याय आराखड्यात घेऊन तो परत आणायला सांगितलं, आणि वसाहत झालीच तर लोक राहायला येण्याआधी बससेवा सुरू हवी, अशी अट इतिवृत्तात आली. ही अट ‘हरित’ या विशेषणापेक्षा मला कितीतरी मोलाची वाटते.